विहिणीला काय म्हणायचं

संस्कृती राहते ती ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्या मधल्या अंतरात, असं विद्याधर केळकर यांचं ठाम मत होतं. मुलुंडच्या आपल्या सोसायटीत त्यांनी ते गेटवर मांडलं, तेव्हा वॉचमन गुणाजी म्हणाला, “बरोबर बोललास, काका.”

त्यांची मुलगी गार्गी स्पेनमध्ये, वॅलेन्सियात मार्कोसशी लग्न ठरवून बसली होती. रविवारी संध्याकाळी विहीणबाई पिलार व्हिडिओवर प्रथमच भेटणार होत्या. विद्याधरांनी मोबाइलवर दोन महिने स्पॅनिश घोटलं. स्पॅनिशमधला ‘तू’ म्हणजे आपलाच तू, आणि ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही. मुलीच्या बापाने विहिणीला तू म्हणायचं? छे! त्यांच्या पत्नी जयंतीबाई पोळ्या लाटता लाटता ऐकत होत्या. पोळ्या संपल्या तेव्हा त्यांचं स्पॅनिश ‘तू’पाशीच होतं.

पिलारबाईंनी पहिल्याच वाक्यात विद्याधरांना ‘तू’ म्हटलं. विद्याधरांचे कान लाल झाले. त्यांनी उत्तरादाखल दोन मिनिटांत अकरा ‘उस्तेद’ वाहिले. विहीणबाईंचं हसू मावळत गेलं.

“बाबा, ते उस्तेद बंद करा!” तिकडून गार्गी मराठीत ओरडली. “त्यांना वाटतंय, तुम्हाला हे लग्नच नको आहे.”

“अगं, मी मान देतोय!”

“इथे घरच्या माणसांना असा मान देत नाहीत. नोटीस देताना देतात. तू म्हणा ना, प्लीज!”

विद्याधरांनी दोनदा तोंड उघडलं. शब्द दातांपर्यंत आला आणि नमस्कार करून परत गेला. पिलारबाईंनी पदर नव्हता म्हणून टिश्यू काढला.

“अहो, सरका.” जयंतीबाई पुढे झाल्या. “पिलार! तू ग्वापा! तू देखणी गं बाई!”

पिलारबाई खुदकन हसल्या. त्यांनी पडद्याला मुके दिले. मग विद्याधरांकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

“आई, तू बाबांना काय हाक मारतेस, विचारतायत,” गार्गी म्हणाली. “मी सांगितलं, अहो. म्हणजे उस्तेद.”

पिलारबाईंनी छातीवर हात ठेवला.

“आता विचारतायत, किती वर्षांचं भांडण आहे?”

“छत्तीस,” जयंतीबाई विचार करून म्हणाल्या.

लग्न मार्चमध्ये करायचं ठरलं. फोन बंद झाल्यावर विद्याधर घसा खाकरून म्हणाले, “मी म्हणणारच होतो तू. योग्य वेळी.”

आत कुकरची चौथी शिट्टी झाली.

“विद्याधर,” जयंतीबाई म्हणाल्या, “तू जरा गॅस बंद कर ना.”