पाचवं शील

साधनाच्या लग्नात बुद्धवंदना टिकारामनंच म्हणायची, हे कोणाला ठरवावं लागलं नाही. बालाघाट मुलखातल्या लांजीच्या अलीकडच्या त्यांच्या गावातून छप्पन साली जी माणसं दीक्षेला नागपूरला गेली होती, त्यांत टिकाराम होता आणि साधनाचा बाप महागूही होता. परतीच्या गाडीत बसल्याबसल्या टिकारामनं त्रिशरण आणि पंचशील पाठ करून टाकलं. तेव्हापासून तो गावी असला की वस्तीतलं लग्न असो की मयत, त्याच्या आवाजाशिवाय काही झालं नव्हतं. त्याआधी तो पिणारा माणूस होता. खाणीतून सुटी मिळाली की पहिल्यांदा मोहाच्या भट्टीवर जायचा, मग घरी. नागपूरहून आल्यावर त्यानं ती वाटच सोडली. सत्यभामा, त्याची बायको, शेजारणींना सांगायची की माझा संसार खरा तेव्हापासून सुरू झाला.

पण शरीरानं त्याला सुखानं संसार करू दिला नाही. बालाघाटकडच्या एका मँगनीजच्या खाणीत त्यानं जवानी घालवली. आधी छाती गेली. रक्त पडू लागलं, दवाखान्यात बरेच महिने काढले, सुया टोचून घेतल्या आणि तो बरा झाला. पण दम कायमचा तुटला तो तुटलाच. तेव्हाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, दूध-गूळ-अंडी खा, अंग भरू दे. मग साखरेचा आजार निघाला. या वेळचा डॉक्टर म्हणाला, गूळ बंद, भात कमी. धानाच्या मुलखात भात कमी करून खायचं काय, हे त्यानं सांगितलं नाही. सत्यभामा कधी ज्वारी मिळवायची, कधी नाही मिळायची. नाही मिळाली की दोघं भात खायची आणि त्या दिवशी आजाराबद्दल बोलायची नाहीत.

तिसरा आजार आला त्याला तर नावच नव्हतं. टिकारामचे हात थरथरायला लागले. पाय फाकवून, चवड्यांवर भार देत तो चालायचा, आणि मागून कोणी हाक मारली तर वळता वळता पडायचा. चेहरा लाकडासारखा झाला. हसू यायचं ते आतल्या आत राहायचं. जीभ जड झाली. खाण सोडून तो गावी आला तेव्हा हे नुकतंच सुरू होत होतं. गावातल्या लोकांनी त्याला पूर्वी झिंगताना पाहिलेलं होतं, आणि आता तो पुन्हा तसाच चालत होता. तोंडावर कोणी काही बोललं नाही.

साधनाचं वऱ्हाड गोंदियाकडून आलं. सकाळपासून टिकाराम दमलेला होता, पण धुतलेला सदरा घालून तो मांडवात जाऊन बसला. त्रिशरण नीट झालं. पहिली चार शीलं झाली. पाचवं शील दारूचं. पालीतले ते लांबलचक, एकात एक अडकलेले शब्द त्याच्या जिभेवर घोटाळले. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकला. हातातली मेणबत्ती इतकी हलली की मेण नवरदेवाच्या धोतरावर सांडलं. उठून सावरायला गेला आणि तोल जाऊन वऱ्हाडातल्या माणसांच्या अंगावर कोसळला.

नवरदेवाचा बाप बाजूलाच होता. तो आवाज न चढवता म्हणाला, "दारूचं शील म्हनाले पेलेला मानूस बसवला का तुमी?"

काहीजण हसले. महागूच्या कानापर्यंत रक्त चढलं. त्यानं टिकारामचा दंड धरला, त्याला मांडवाबाहेर आणलं आणि बैलगाडीच्या आडोशाला बसवून आत गेला. पाचवं शील दुसऱ्याच कोणीतरी म्हटलं. टिकारामला बाहेर ऐकू येत होतं. सत्यभामा बायकांतून उठून आली तेव्हा तो ओठ हलवत बरोबर म्हणत होता.

पुढच्या पौर्णिमेला वस्तीच्या बैठकीत ठरलं की टिकारामनं आता वंदना म्हणू नये. त्याला बोलावलं होतं. तू पितोस का, असं कोणी विचारलं नाही; सगळे धरूनच चालले होते. महागूनं एवढंच म्हटलं की शील मोडणाऱ्यानं शील देऊ नये. टिकाराम बराच वेळ बोलण्याची जुळवाजुळव करत राहिला. शेवटी जे निघालं ते कोणाला नीट कळलं नाही, आणि त्यावरूनही लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

घरी आल्यावर सत्यभामा म्हणाली, तुम्ही सांगितलं काहून नाही की मी पेलो नाही म्हणून?

"सांगतलं," तो म्हणाला. "तेच सांगतलं मी."

सत्यभामाचे गुडघे गेलेले होते. रोवणीच्या चिखलात उभं राहणं आता तिला जमत नव्हतं, म्हणून ती घरी बसून विड्या वळायची. तरी तिनं ठरवलं की एकदा बालाघाटच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. औषध मिळेल ही आशा तिला फार नव्हती. या आजाराचं काहीतरी नाव असेल, ते तिला पाहिजे होतं. नाव असलं म्हणजे लोकांना सांगता येतं.

तिथला डॉक्टर हिंदी बोलणारा, तरुण आणि झोप न झालेला होता. त्यानं टिकारामला चालायला लावलं, वळायला लावलं, बोटानं नाक शिवायला सांगितलं. छातीचा फोटो काढवला. मग त्यानं सत्यभामाला समजावलं की छातीतला टीबी जुना आहे, वाळलेला आहे, तो कोणाला लागणार नाही. साखर आहे, तिच्या गोळ्या चालू ठेवा. आणि हे थरथरणं नसांचं आहे. खाणीतल्या दगडाच्या बारीक धुळीनं काहींना असं होतं. यावर औषध आहे का, असं तिनं विचारलं. डॉक्टर टिकारामकडे पाहत म्हणाला, "नहीं है, माँजी. गिरने मत देना, बस."

ते ऐकून तिला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण खरं म्हणजे परतीच्या वाटेवर तिला हलकं वाटत होतं. नसांचा आजार, दगडाची धूळ. ती मनात शब्द घोळवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच महागूच्या घरी गेली आणि सगळं सांगितलं. महागू ऐकत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. लहानपणी दोघं एकाच म्हशीवर बसून तळ्यात गेलेले. त्याला मांडवातलं आठवलं असावं. मग म्हणाला, मीच सांगतो लोकांना. आणि त्यानं शब्द पाळला. बैठकीत उभं राहून त्यानं सांगितलं की टिकाराम पीत नाही, आपली चूक झाली, त्याला छातीचा टीबी होता, साखर आहे, आणि आता नसा गेल्या आहेत.

लोकांनी यातला एकच शब्द उचलला. टीबी.

खाणीवर असताना त्याला कसला आजार झाला होता, हे गावाला कधी नीट माहीत नव्हतं. आता माहीत झालं. टिकारामच्या बाजूला बसणारी माणसं थोडी सरकून बसू लागली. विहिरीवर सत्यभामाची बादली आली की बाया आपले पाण्याचे गुंड उचलून घ्यायच्या. डॉक्टरनं लागत नाही म्हणून सांगितलंय, असं ती सांगायची. बाया हौ हौ म्हणायच्या आणि गुंड उचलायच्याच.

मग महागूनं दोघांना चहाला बोलावलं. झालं गेलं पुसून टाकावं असं त्याच्या मनात होतं. त्याची बायको शांताबाईनं सगळ्यांना पितळी पेल्यांत चहा दिला आणि टिकारामला कान तुटलेल्या कपात. चहा झाल्यावर तिनं पेले आत नेले. कप तिथंच राहू दिला. थोड्या वेळानं ती आली, पदराच्या टोकानं तो कप धरला आणि कुडाच्या खोबणीत, घराच्या बाहेरच्या अंगाला ठेवून आली.

तसा कप तिथल्या प्रत्येकानं लहानपणी पाहिलेला होता. दुसऱ्यांच्या घरी, दुसऱ्यांच्या कुडात. महागूनं पाहिलं आणि नजर वळवली. शांताबाईलाही बहुतेक कळलं, कारण ती मग आतून बाहेर आलीच नाही. टिकाराम उठला. सत्यभामानं त्याला धरलं आणि दोघं हळूहळू घराकडे निघाली.

अर्ध्या वाटेवर तो थांबला. दम घेऊन म्हणाला, "दारूड्या म्हनत होते, तेच बरं होतं."

सत्यभामानं त्याला धरून पुढं नेलं. नाव शोधायला आपणच गेलो होतो, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पानं-तंबाखू देऊन विड्या जमा करणारा सट्टेदार दुलीचंद दारात आला. आत आला नाही. विड्या लोकांच्या तोंडात जातात, तुमच्या घरच्या विड्या आहेत हे कळलं तर माझा सगळा माल परत येईल, असं त्यानं अवघडून सांगितलं. त्यानं दिलेली तेंदूची पानं आणि तंबाखू तो परत घेऊन जाऊ शकत होता, पण तीही त्यानं नेली नाहीत. तुम्हीच काय ते करा म्हणाला.

त्या दिवशी सत्यभामा दुपारभर पानांच्या ढिगाजवळ बसून राहिली. रडायलाही एक ताकद लागते, ती तिच्यात उरली नव्हती. तिला बालाघाटच्या दवाखान्यामागची खोल्यांची रांग आठवत होती. रोग्यांची माणसं तिथं टिनाच्या खोल्यांत राहत होती, तीन दगडांच्या चुली मांडून रांधत होती. संध्याकाळी तिनं टिकारामला विचारलं, जायचं का तिकडं? तो म्हणाला, तिथं आपलं कोण आहे. ती म्हणाली, कोणी नाही, म्हणूनच.

लांजीच्या स्टँडवर महागू पोचवायला आला होता. बस भरलेली होती. टिकारामचा पाय पायरीवर ठरेना. त्यात त्याला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेना. दारातली माणसं मागं सरली. आतून कोणीतरी हिंदीत ओरडलं की टीबीवाला दिसतो, याला चढवू नका. कंडक्टरनं हात आडवा केला.

"बीमार है क्या?"

सत्यभामानं महागूकडे पाहिलं. मग कंडक्टरकडे वळून ती शांतपणे म्हणाली, "नहीं साहब. पिया हुआ है. ठसका लगा है, बस."

कंडक्टरच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. दोनचार जण हसले. कंडक्टरनं टिकारामच्या काखेत हात घालून त्याला ओढून वर घेतलं, मागच्या बाकावर जागा करून दिली, आणि उलटी आली तर खिडकीबाहेर, असं बजावलं. कोणी तोंडाला रुमाल लावला नाही. महागू खाली उभा होता. बस हलली तेव्हा त्यानं हात उचलला, पण अर्ध्यावरच खाली घेतला.

बस लांजीबाहेर पडली. दोन्हीकडे कापलेल्या धानाची शेतं होती. सत्यभामाला त्याच्याकडे पाहवत नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी तो इतकी वर्षं ताठ राहिला, ती तिनं भर स्टँडवर बसच्या पायरीवर टाकून दिली होती. शेवटी ती म्हणाली, "खोटं बोलली मी. राग आला का?"

टिकारामनं जीभ जुळवून घेतली. एकेक शब्द वेगळा काढत तो म्हणाला, "पाचवं माहं नाई मोडलं. चवथं तुहं मोडलं."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. चेहरा लाकडाचाच होता, त्यावरून काही कळत नव्हतं. पण त्याचे खांदे हलत होते, आणि ते थरथरणं नेहमीचं नव्हतं, एवढं तिला कळलं. तीही हसली. मग तिला झोप लागली, बालाघाट येईपर्यंत.

दवाखान्यामागं त्यांना टिनाची एक खोली मिळाली. सत्यभामा रोग्यांच्या माणसांसाठी भाकरी-भाजी करून देऊ लागली. तिच्या हातचं खायला तिथं कोणी मागेपुढे पाहिलं नाही. ज्याच्या घरात रोग नाही असं तिथं कोणी नव्हतंच. गुडघे आणखी बिघडले. टिकारामची साखर चढायची, उतरायची. एकदा तो मोरीजवळ पडला आणि तेव्हापासून आधाराशिवाय उठला नाही.

उन्हाळ्यात महागू येऊन गेला. घरच्या तांदळाची पिशवी आणली होती. चहा झाला. टिकारामच्या हातातला पेला हलून चहा सांडायला लागला, तशी शेजारच्या खोलीतली बाई बोलता बोलता वाकली, पेला त्याच्या ओठाला लावून धरला, आणि आपलं बोलणं तसंच पुढं चालू ठेवलं. तिचा नवरा आत वॉर्डात होता. महागू ते पाहत राहिला.

निघताना तो म्हणाला, आता घरी चल. मी सगळ्यांना समजावतो.

"नको," टिकाराम म्हणाला. "समजवाच लागत नाई इथं."

 बसची वेळ झाली म्हणून महागू निघाला. सत्यभामानं तांदूळ डब्यात ओतले आणि रात्रीच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं.