समासातले ठिपके

मित्रांनो, मी एक जुना खर्डा आहे. खर्डा म्हणजे पुस्तकाचं पहिलं, कच्चं लिखाण. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासल्यावर जे छापील कागद भरतात, त्यांच्या कोऱ्या पाठीवर माझा जन्म झाला. दुकानात काम करणारी एक बाई दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला लिहायला बसे. अशी चार वर्षं गेली आणि मी तीनशे बारा पानांची कादंबरी झालो. तिची पहिलीच.

माझं कौतुक फार झालं. तिच्या नवऱ्याला तर माझं प्रत्येक पान 'छान' वाटायचं, न वाचलेलंसुद्धा. मीही हुरळून गेलो. सगळ्यांना आवडायची ती माझ्यातली आई. मुलीला दूरच्या गावी शिकायला जागा मिळाल्याचं पत्र येतं आणि आई स्वतः पिशवी उचलून तिला बसवर पोचवायला जाते, हे पान वाचून शेजारीणबाईंनी डोळे पुसले होते.

मग मी प्रकाशकाकडे गेलो. तिथल्या वयस्कर संपादिकाबाईंची एक रीत होती. वाचताना जिथे विश्वास बसत नाही, तिथे समासात पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायचा. बाकी एक अक्षर लिहायचं नाही. मी घरी परतलो तो अंगभर गोवर उठल्यासारखा.

मला लिहिणारीला वाटलं, आपली भाषा कमी पडली. तिनं ठिपक्यांपाशी वाक्यं सजवली, आईच्या तोंडी आणखी गोड शब्द घातले आणि मला पुन्हा पाठवलं. ठिपके वाढून परत आले. तेव्हा कुठे तिनं नीट पाहिलं. एकूण एक ठिपका आईजवळ होता.

खरं काय ते तिला ठाऊक होतं. तसं पत्र तिला एकदा आलं होतं आणि तिच्या आईनं ते मुदत संपेपर्यंत कपाटात दडवून ठेवलं होतं. हे लिहिल्याशिवाय कादंबरी उभी राहणार नव्हती. आणि आई त्याच घरात, पलीकडच्या खोलीत राहत होती. तिला दुखवायची लेकीची छाती होईना. माझ्यावर धूळ बसू लागली.

शेवटी आईनंच मला मागून घेतलं. लेकीनं करून दिलेला चष्मा लावून तिनं तीन दुपारी मला वाचलं आणि लेकीला हाक मारली.

"ही बाई कोण गं? मी तर पत्र दडवलं होतं."

लेक तिच्या पलंगाच्या कडेवर टेकली.

"तू गेलीस तर परत यायची नाहीस, अशी भीती वाटली मला. तेही लिही. वाचून मला वाईट वाटेल. वाटू दे."

मग नवा खर्डा झाला, त्यावरून आणखी एक. मी कपाटाच्या वरच्या फळीवर जुन्या चादरींखाली गेलो. खोटं कशाला बोलू, मला फार लागलं ते. दोन वर्षांनी कादंबरी छापून आली. तिच्यात माझी जेमतेम चाळीस पानं उरली होती. आईनं पुस्तक वाचलं आणि दोन दिवस ती लेकीशी धड बोलली नाही. लेक मान खाली घालून जेवायची आणि कामावर जायची.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "पुस्तक खरं झालंय. आता तो जुना गठ्ठा काढून दे मला. त्यात मी तुला बसवर पोचवायला येते ना, ते पान मला हवंय."

तेव्हापासून मी आईच्या उशाशी असतो. मित्रांनो, तुम्ही लिहाल तेव्हा खोडा, पुन्हा लिहा, माझ्यासारख्याला मागे टाका. त्याशिवाय पुस्तक होत नाही, हे मी आता मान्य करतो. पण पहिला खर्डा फाडू नका. माझ्यातली आई खोटी आहे, हे तिला कळतं आणि मलाही. तरी ती ते पान रोज वाचते. तिच्यामागेही मला कुणी नीट ठेवावं, एवढंच माझं मागणं आहे.