बुंध्यांसाठी स्वस्त, भिंतीसाठी महाग

परीक्षेला आठ दिवस असतानाच वहिनीने कारखान्यात राजीनामा दिला, तेव्हा नणंद कपाळाला हात लावून म्हणाली, "बाजारात तुरी, आणि तू डाळ शिजवून मोकळी."

"तुरी येणारच आहेत, वन्सं. कुठे जातात?"

बारा वर्षे तिने मोटारींच्या सीटांची कव्हरे शिवली होती, आणि बारा वर्षांतली जवळजवळ प्रत्येक सुट्टीची सकाळ तलावावर घालवली होती. आता तलावाच्या कार्यालयाला एक वाटाड्या हवा होता. पाहुण्यांना होडीतून न्यायचे आणि त्यांच्या हातून बास पकडवायचा, हे त्याचे काम. बास म्हणजे मोठ्या जबड्याचा, हिरवट, पराकोटीचा संशयी मासा. मऊ प्लॅस्टिकच्या खोट्या गांडुळावर तो येतो खरा, पण मुलगी बघायला आल्यासारखा आधी चारी बाजूंनी निरखतो.

परीक्षेचा नियम सोपा होता आणि म्हणूनच वाईट. आयुष्यात ज्याने गळ धरला नाही असा एक माणूस कार्यालय पाठवणार, आणि शेऱ्याचा कागदही तोच भरणार. चार तासांत त्याने एक तरी असा मासा काढला पाहिजे, जो होडीच्या फळीवर मापायला ठेवला की तिथल्या तांबड्या रेघेपर्यंत पोहोचेल. गळ पाण्यात असताना वाटाड्याने काठीला बोटही लावायचे नाही. जमले तर नोकरी, नाही तर नमस्कार.

नणंद मासेमारीच्या सामानाच्या दुकानात कामाला होती. तिने महागड्या गांडुळांची तीन पाकिटे वहिनीच्या हातात कोंबली. "ही घे. ओढली तर हातभर ताणतात, तुटत नाहीत, आणि पाण्यात शेपटी वर करून उभी राहतात. तुझी ती पोत्याने मिळणारी गांडुळं राहू दे घरी."

"माझ्या गांडुळांनी मला इतकी वर्षं मासे दिलेत."

"दिलेत. बोटाएवढे."

वहिनीने पाकिटे घेतली. आणि मग तिने ती चूक केली, जी फक्त तिच्यासारख्या हाताला होऊ शकते. तिला रंगाशेजारी रंग लागत असे. कारखान्यात तिच्या दोऱ्यांचा खोका पाहायला दुसऱ्या खात्यातल्या बायका यायच्या. तिने ती तिन्ही पाकिटे फोडली आणि हिरव्यात हिरवी, जांभळ्यात जांभळी, महाग आणि स्वस्त एकत्र, खणाखणाच्या डब्यात ओळीने लावून ठेवली. एक महागडे तेवढे तिने डब्यात न घालता दुसऱ्या काठीच्या गळाला ओवले. सहज, कसे दिसते ते बघायला.

सकाळी धक्क्यावर आलेला परीक्षक दातांचा डॉक्टर निघाला. उंच, वाकलेला, नवी कोरी टोपी घातलेला. होडीत बसताना त्याने दोन्ही कडा अशा धरल्या की वहिनीला त्याच्या खुर्चीत बसणाऱ्या रोग्यांची आठवण व्हावी.

"भीती वाटते का, डॉक्टर?"

"मी हाच प्रश्न रोज विचारतो," तो म्हणाला. "उत्तर कुणी खरं देत नाही."

बुडालेल्या झाडांपाशी होडी थांबवून वहिनीने डबा उघडला. ओळी नव्हत्या. खणाखणात चिकट, चकचकीत लगदा साचला होता. महाग आणि स्वस्त, दोन्ही प्लॅस्टिके दोन दिवस एकमेकांना लागून एकमेकांत विरघळली होती. डब्याचा तळसुद्धा मऊ पडला होता.

डॉक्टरने मान पुढे केली. "हे असंच असतं का?"

"नाही. ही माझी चूक." तिने डबा मिटून पायाखाली सारला. "दोन जातींचं सामान एकत्र ठेवायचं नसतं, हे मला आत्ता कळलं. तुमच्या कागदावर लिहायचं असेल तर लिहा."

"मग आता परत जायचं?"

"छे. मासे काही डब्यात नव्हते."

तिच्या थैलीच्या तळाशी पंचवीस स्वस्त गांडुळांची न फोडलेली पिशवी होती. आणि दुसऱ्या काठीला ते एकुलते एक महागडे. तिने पिशवी दातांनी फाडली. डॉक्टरने तोंड वाकडे केले.

"दातांचा असा उपयोग करू नये."

"परीक्षा झाली की येते तुमच्याकडे. ही काठी घ्या."

पहिले गांडूळ तिसऱ्या फेकीला बुंध्यात अडकले आणि गळासकट तुटले. दुसरे फांदीवर जाऊन बसले. तासाभरात सात गेली. डॉक्टर प्रत्येक वेळी ओशाळून तिच्याकडे बघे आणि ती प्रत्येक वेळी नवे ओवून देई, जणू घरी भाजी वाढते आहे.

"त्या काठीचं का देत नाही?" त्याने शेवटी विचारले. "ते चांगलं दिसतंय. माझ्याकडे रोगी आला तर मी चांगलंच सामान काढतो."

"आणि शिकाऊ डॉक्टर आला तर?"

"तर आधी प्लास्टरच्या दातांवर शिकवतो."

"झालं तर. ते आत्ता दिलं तर झाडाला मिळेल, माशाला नाही. ही तोडायचीच आहेत, डॉक्टर. मन मोठं करून तोडा."

त्याने मन मोठे केले. दहावे, अकरावे गेले. पण बाराव्याच्या वेळी दोरी ताणली गेली आणि त्याने झटका दिला नाही. बोटाने दोरी दाबून तो पुटपुटला, "हे लाकूड आहे." हलकेच सैल सोडून त्याने गांडूळ सोडवून घेतले. पुढच्या फेकीला म्हणाला, "हे लाकूड नाही," आणि एक वीतभर मासा होडीत आला. मग आणखी दोन. तिन्ही तांबड्या रेघेपासून चांगले चार बोटे कमी.

"हे चालतील?"

"नाही चालत. पण तुमचा हात चालायला लागला."

तीन तास होत आले होते. दुसरा कुणी असता तर त्याच बुंध्यांत चौथ्या माशाची आशा धरून बसला असता. वहिनीने वल्ही उचलली आणि होडी तलावाच्या पलीकडच्या जुन्या दगडी भिंतीकडे वळवली. तिथे पाणी नितळ होते, ऊन थेट तळापर्यंत पोहोचत होते, आणि ऊन चढले की मोठे मासे भिंतीच्या सावलीला येऊन पडतात हे तिला पक्के ठाऊक होते. अशा पाण्यात स्वस्त गांडूळ तळाला आडवे पडून राहते, तुटलेल्या चपलेच्या पट्ट्यासारखे. मासा येतो, बघतो, जातो. तिने पूर्वी कितीदा पाहिले होते.

तिने दुसरी काठी डॉक्टरच्या हातात दिली. "आता हे. अडकवलंत तर दुसरं नाही."

"मग धीर कशाला खचवता?"

"खचवत नाही. तुम्हाला येतं आता, म्हणून सांगते."

फेक बरी पडली. गांडूळ तळाशी गेले आणि खरेच शेपटी वर करून उभे राहिले, डुलत. भिंतीच्या सावलीतून एक रुंद, काळसर पाठ सरकली आणि थबकली. डॉक्टरचा हात शिवशिवला.

"हलवू?"

"नका."

"थोडंसं?"

"डॉक्टर, भूल दिल्यावर किती थांबता?"

"पाच मिनिटं."

"तेवढं थांबा."

त्याने घड्याळाकडे पाहिले नाही हे वहिनीला आवडले. पाठ जवळ आली. मागे गेली. पुन्हा आली. मग गांडूळ एकदम दिसेनासे झाले, आणि डॉक्टर हळूच, रोग्याला सांगावे तसा म्हणाला, "हे लाकूड नाही."

"मग बसलात काय? ओढा!"

पुढची काही मिनिटे होडी गोल फिरली, टोपी पाण्यात गेली, आणि वहिनीने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, काठीकडे जाऊ नयेत म्हणून. शेवटी जाळ्यात आलेला मासा तिने फळीवर ठेवला. तांबडी रेघ त्याच्या शेपटीखाली पूर्ण झाकली गेली. तिने त्याला पाण्यात सोडले आणि ओले हात पदराला पुसले.

डॉक्टर गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागला. एका ओळीशी अडला. "सामानाची तयारी. पूर्ण की अपूर्ण?"

"अपूर्ण."

"वरचे लोक हे वाचतील."

"वाचू देत. खालच्या ओळीतली माशाची लांबीही वाचतील."

त्याने अपूर्ण लिहिले, खाली माशाची लांबी लिहिली, सही केली. एवढ्यात वहिनीचा फोन वाजला. पलीकडच्या धक्क्यावरून नणंद बोलत होती. "काय झालं गं? होडी भिंतीला का उभी?"

"झालं, वन्सं. मिळाली नोकरी."

"कुणाच्या गांडुळावर लागला मासा? माझ्यावर ना?"

"तुमच्यावर. पण याआधी माझी डझनभर त्यांनी खर्चली, तेव्हा कुठे त्यांचा हात बसला."

"ते काही नाही, माझ्यावरच लागला," नणंद म्हणाली, आणि फोनवरच कुणाला तरी ते सांगायला वळली.

"अजून पंचवीस मिनिटं आहेत ना?" डॉक्टरने विचारले. कागद घडी होऊन त्याच्या खिशात गेला होता. "त्या बुंध्यांत परत जाऊ या."

वहिनीने होडी वळवली. दुसऱ्याच फेकीला त्याने आणखी एक गांडूळ झाडाला दिले, आणि या वेळी न ओशाळता पुढच्यासाठी मागे हात केला.