एका ट्रायपॉडची दोन भावंडं

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ट्रायपॉड आहे. कॅमेरा हलू नये म्हणून त्याच्याखाली तीन पायांचं स्टँड उभं करतात ना, तोच मी. सुरुवातीलाच खरं सांगून टाकतो, मी आयुष्यात एकही फोटो काढलेला नाही. तरी हरणांच्या कळपापासून पडक्या बुरुजांपर्यंत कितीतरी फोटोंना माझा टेकू आहे. फोटो चांगला आला की लोक कॅमेऱ्याचं कौतुक करतात आणि हलला की माझ्याकडे संशयाने बघतात. चालायचंच.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. कुणाच्या तरी पलंगातून चिवट लाकडाच्या पट्ट्या उरल्या होत्या. सुताराने त्या तासून, घासून, तेल पाजून माझे पाय केले. पायांना लोखंडी टोकं बसवली. माझ्या माथ्यावर एक पितळी स्क्रू होता. कॅमेऱ्याच्या पोटात तो फिरवला की कॅमेरा माझ्या डोक्यावर घट्ट बसायचा. या स्क्रूकडे लक्ष असू द्या, माझ्या आयुष्याची सगळी गंमत आणि सगळं दुःख त्याच्यापायी झालं.

सुताराला दोन मुलं. थोरली ताई, शाळेत इतिहास शिकवायची. धाकटा औषधांच्या दुकानात कामाला होता. पक्षी दिसला की हा तासन्‌तास दबा धरून बसायचा, म्हणून ताईने त्याचं नाव बोक्या पाडलं होतं. दोघांनाही फोटोंचं वेड. मी तयार होत होतो तेव्हा त्यांची आई कारखान्याच्या दारात येऊन म्हणाली, "अहो, दोन करा. नाहीतर मारामाऱ्या होतील."

"दोन केले तर एक इकडे जाईल, एक तिकडे," सुतार रंधा न थांबवता म्हणाला. "एकच असला की दोघं बरोबर जातील."

पुढे दोघांचंही म्हणणं खरं ठरलं.

ते दिवस आठवले की माझ्या जुन्या लाकडाला अजून पालवी फुटेल असं वाटतं! सुट्टी लागली की मी बसच्या टपावर. कधी बैलगाडीत, कधी नावेत, बाकी वेळ बोक्याच्या खांद्यावर. ताईला पडके किल्ले, दगडी पूल, कोरीव खांब, जुन्या विहिरी बघायच्या असत. बोक्याला कोल्हे, बगळे, सरडे, अगदी पानावरचा नाकतोडासुद्धा चालायचा. दोघांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं. फोटो काढायचा तो सकाळच्या पहिल्या उजेडात. आणि मी एकटा! मग रोज सकाळी ठरलेली वादावादी व्हायची.

"ताई, तुझे दगड कुठे पळून जाणारेत? माझा बगळा उडेल ना!"

"तुझ्या बगळ्याला पिल्लं होतील रे. माझ्या खांबाला होणार आहेत का?"

असं म्हणत म्हणत कुणीतरी एक माघार घ्यायचं. वारा सुटला तर एकाने फोटो काढायचा आणि दुसऱ्याने माझे पाय कवटाळून खाली बसायचं, श्वाससुद्धा रोखून, अशी त्यांची पद्धत होती. ताईने बोक्याच्या बगळ्यांसाठी माझे पाय धरले आणि बोक्याने ताईच्या बुरुजांसाठी. एकदा गावच्या सभागृहात त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मलाही कोपऱ्यात शोभेला उभं केलं होतं. सुतार इस्त्रीचा शर्ट घालून आला. फोटोंवरून एक नजर फिरवली आणि थेट माझ्यापाशी येऊन, वाकून माझे सांधे तपासत बसला. लोक हसले. मला मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं.

आता ती सकाळ सांगायला हवी. सांगावीशी वाटत नाही, पण सांगतो.

एका तळ्याकाठी एक जुनी दगडी कमान होती. तिच्यावर नाचणाऱ्या माणसांची रांग कोरलेली होती, पण इतकी झिजलेली, की दुपारी बघाल तर नुसता खडबडीत दगड. सूर्य उगवताना तिरपा उजेड पडला की तेवढा थोडा वेळ ती माणसं दगडातून वर यायची. रस्ता रुंद करायचा म्हणून कमान पाडायचं ठरलं होतं. ताई रोज पहाटे तिथे जाऊन उभी राहायची आणि रोज आभाळ भरलेलं असायचं. पाडायच्या दिवशी सकाळी मात्र आभाळ एकदम मोकळं झालं.

नेमकं तेव्हाच तळ्याच्या काठातल्या बिळातून पाणमांजराची मादी पिल्लांना पहिल्यांदा बाहेर आणत होती. मी तळ्याकडे तोंड करून उभा होतो, डोक्यावर बोक्याचा कॅमेरा.

"बोक्या, आता मला दे. उजेड आला!"

"थांब ताई, पिल्लं बाहेर येतायत."

"अरे, कमान आज पाडणार आहेत!"

"दोन मिनिटं गं. फक्त दोन."

तेव्हाच्या फिल्मला भरपूर वेळ उजेड लागायचा. हातात धरून काढावं तर त्या नाचणाऱ्या माणसांचा नुसता धुरळा दिसला असता. ताई कमानीपाशी थांबली, धावत आमच्याकडे आली, पुन्हा कमानीकडे गेली. बोक्याने डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही. त्याने वर पाहिलं तोवर सूर्य चढला होता आणि कमानीवर पुन्हा नुसता दगड उरला होता. दुपारी यंत्रं आली. दोघांनी ती कमान पडताना बघितली, लांब लांब उभं राहून.

मग ताई माझ्याजवळ आली. तिने बोक्याचा कॅमेरा सोडवून त्याच्या हातात दिला. माझ्या माथ्यावरचा पितळी स्क्रू काढला आणि पर्समध्ये टाकला.

"पाय तुझे, हा माझा," ती म्हणाली. "बघू आता कुणाचं काय उभं राहतं ते."

पाणमांजराचा तो फोटो मासिकात छापून आला. बोक्याने तो मोठा करून घरातल्या भिंतीवर लावला. त्यांचे वडील गेले तेव्हा ताई बोक्याच्या घरी आली आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसली. दोघं कामापुरतं बोलली. मी दाराआड होतो. मला हाक मारता येत असती, तर त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं.

स्क्रूवाचून माझा काय उपयोग! बोक्या वाळूच्या पिशवीवर कॅमेरा टेकवून फोटो काढू लागला. माझ्यावर आधी टॉवेल वाळत पडले. मग कुंडी बसली आणि तिच्या पाण्याने माझं लाकूड फुगलं. सांधे गंजले, उरलेलं पितळ हिरवं पडलं. बोक्याची बायको जाता-येता माझ्या पायाला अडखळायची आणि माझा उद्धार करायची. तिचंही बरोबरच होतं म्हणा. पावसापाण्यात, रानावनात ताठ उभा राहिलेला मी, पडदा अडकवायच्या लायकीचाही राहिलो नव्हतो.

वर्षं गेली. बोक्याचे केस पिकले आणि हात कापायला लागले. चहाचा कप बशीत वाजायचा. त्याच्या फोटोंत खंड्या पक्षी असायचा, पण निळ्या रंगाचा नुसता ओरखडा. पक्षी खाली बसलेले असायचे तिथे वाळूची पिशवी टेकवायला जागा मिळायची, उंच फांदीवरच्या पक्ष्यांसाठी मात्र कॅमेरा हातातच धरावा लागायचा.

"अहो, बाजारात हलकेफुलके स्टँड मिळतात, एखादं आणा," बायको म्हणाली.

"नको."

"मग याला स्क्रू तरी नवा करून घ्या. केवढासा तो!"

म्हणून बोक्याने मला पुसलं आणि धातूचे सुटे भाग कातून देणाऱ्या लेथवाल्याकडे नेलं. लेथवाल्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं. "तासाभरात करून देतो. चहा पिऊन या तोवर," तो म्हणाला. बोक्या समोरच्या टपरीवर गेला, कप दोन्ही हातांनी धरून चहा प्यायला आणि परत आला. लेथवाला पितळाचा तुकडा शोधत होता.

"राहू दे," बोक्या म्हणाला आणि मला खांद्यावर टाकलं.

घरी बायकोने विचारलं, "काय हो, झाला नाही का?"

त्याने मला कोपऱ्यात टेकवलं. मग म्हणाला, "नवा बसवला तर ताईकडचा कशालाच लागणार नाही गं."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी लंगडा का राहिलो. टाकून दिलं म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही ताईच्या दारात. तिच्या चष्म्याच्या काचा जाड झाल्या होत्या.

"कोण?"

"मी. बोक्या."

"आणि हे बरोबर कोण?"

"बाबांनी केलेला."

ताईने पुढे होऊन माझ्या पायांवरून हात फिरवला. "काय दशा केलीस रे याची!"

"ताई, स्क्रू हवाय."

"का? इतकी वर्षं नाही लागला तो?"

बोक्याने उत्तरादाखल हात पुढे केला. तो थरथरत होता. ताईने तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि थरथर थांबेपर्यंत सोडला नाही.

"त्या दिवशी माझं चुकलं, ताई."

"सांगायला भलतीच घाई केलीस," ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. तिने स्क्रू आणला तेव्हा मी बघतच राहिलो. सोन्यासारखा लखलखीत!

"रोज घासत नव्हते हं," ताई म्हणाली. "उगाच फुशारू नकोस."

"मग?"

"रविवारी."

त्याच आठवड्यात आम्ही पहाटे एका जुन्या दगडी पुलापाशी गेलो. पुलाच्या भोकांत खंड्याची घरटी होती, म्हणजे दोघांचीही सोय झाली. ताईने माझे सांधे आवळले, कारण बोक्याचे हात चालेनात. बोक्याने कॅमेऱ्यावरचं मोजमाप लावलं, कारण ताईला बारीक आकडे दिसेनात. पहिला उजेड पुलाच्या कमानींवर पडला. खंड्या बाहेर येऊन बसला.

"घे ताई, तुझा पूल."

"पूल कुठे पळतोय? खंड्या उडेल, आधी तू घे."

"नाही, आज तूच आधी."

"बोक्या, मोठी मी आहे. मी सांगते ते ऐक!"

"आयुष्यभर ऐकलंच नाही, आता काय ऐकतोय!"

दोघांचं असं चाललेलं असताना सूर्य चढला. खंड्या कंटाळून उडाला, पूल पांढराफटक दिसायला लागला. माझ्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याने एकदाही डोळा उघडला नाही. ताईला हसू आवरेना. ती माझ्या पायाशी बसली, बोक्याही बसला.

"आता?" त्याने विचारलं.

"आता काय, उद्या येऊ."

"उद्याही तू 'आधी तू' म्हणशील."

"मग परवा येऊ."

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या घराच्या कोपऱ्यात असेल तर त्याच्या पायातली वाळू पुसा, सांध्यांना तेलाचा थेंब द्या, त्याच्यावर कुंडी ठेवू नका. एवढं तर मी माझ्यासाठी मागतो. तुमच्यासाठी एकच मागतो. रुसलेल्या माणसापाशी तुमचं काही राहिलं असेल, तर ते मागायला त्याच्याच दारात जा. बाजारात तासाभरात नवं मिळेल. ते घेऊ नका.