मधली कडी

तळघरात बसणाऱ्या माणसाची आठवण वरच्या मजल्यांना दोनच वेळा होते. तळघरात पाणी शिरलं तर, नाहीतर कॉम्प्युटर अडला तर. त्या मोठ्या रुग्णालयाचा डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईला म्हणूनच सगळे 'तळघरताई' म्हणत. तोंडावर ताई, माघारी आणखी बरंच काही. तिला दोन्ही चालत असे. यंत्रांना गारवा लागतो म्हणून बाराही महिने अंगात स्वेटर, आणि दिवसभर कोणी बोलायला नाही म्हणून जिभेला थोडी धार. कामात मात्र तिच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती.

त्या दिवशी ती पहिल्यांदाच पुढच्या दाराने आत आली, रुग्णाची नातेवाईक म्हणून. चाकाच्या खुर्चीत बाबा, आणि खुर्चीमागे पिशव्या सांभाळत आई. बाबा म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. जन्मभर गर्दीत उभं राहिलेला माणूस, त्यामुळे दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. ताप काढला अंगावर, खोकला काढला, शेवटी धाप लागली तेव्हा कुठे घरातून हलले. छातीत कफ साठलाय, दाखल करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

वॉर्डातली सकाळपाळीची सिस्टर माहिती विचारून थेट कॉम्प्युटरवर भरत होती. नाव, वय, तक्रार. लेकीने मधेच हात वर केला.

"सिस्टर, एक महत्त्वाचं. यांना पेनिसिलिन चालत नाही. त्या जातीचं कुठलंच औषध नाही. तरुणपणी एकदा टोचलं होतं, तर मरता मरता वाचलेत."

सिस्टरने ते भरलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. बाबांच्या नावाशेजारी लाल पट्टी उमटली होती. "ही बघा ताई. आता कोणी चुकून द्यायला गेलं तरी तुमचा कॉम्प्युटरच बोंब मारेल."

आईने तोवर पिशवीतून एक चिठ्ठी काढली होती. बाबांना वाचवणाऱ्या त्या जुन्या डॉक्टरांच्या हातची, घड्यांवर फाटलेली, चिकटपट्टीने जोडलेली. दातांच्या डॉक्टरकडे गेलं तरी आई आधी ती चिठ्ठी पुढे करायची. "ही पण बघून घ्या हो," ती म्हणाली.

"आई, ठेव गं ती आत. सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलंय. आता येईल त्याच्यापुढे कागद नाचवत बसू नकोस, हसतात लोक."

कोणीही हसलं नव्हतं. लाज वाटली होती ती लेकीला. खालच्या दालनात 'कागदमुक्त रुग्णालय' अशी झगझगीत पाटी होती आणि ती लागण्यामागे तिचीही मेहनत होती. अशा ठिकाणी आपलीच आई चिकटपट्टी लावलेला कपटा काढते, हे बघून तिला कसंसंच झालं. आईने चिठ्ठी मुकाट्याने आत ठेवली. शिकलेल्या लेकीपुढे आया अशाच गप्प बसतात.

ती तळघरात उतरली तर पडद्यावर धोक्याची सूचना तिची वाटच बघत होती. लॉगची डिस्क भरत आली होती.

लॉग म्हणजे डेटाबेसची बारनिशी. रुग्णालयात कुठेही कोणी काही भरलं, खोडलं, बदललं, की ते आधी लॉगमध्ये लिहिलं जातं. मुख्य डिस्क उद्या दगावलीच, तर रात्री घेतलेली प्रत काढायची आणि तिच्यावर दिवसभराचे लॉग ओळीने चढवायचे, की सगळं पुन्हा जिथल्या तिथे. अट एकच, ओळ तुटता कामा नये. मधली एक कडी हरवली की पुढची सगळी साखळी असून नसल्यासारखी. लॉग लिहायला जागा उरली नाही तर मात्र डेटाबेस हटवादी बैलासारखा बसकण मारतो. मग ना नोंदणी, ना औषधं, ना तपासण्या.

यावर तिचा एक उपाय होता. लॉगच्या डिस्कवर ती एक भलीमोठी निरुपयोगी फाईल ठेवून द्यायची. फाईलमध्ये काहीच नाही, नुसती जागा अडवलेली. तिला ती 'उशी' म्हणे. अगदी गळ्याशी आलं की उशी काढायची, तेवढी जागा मिळते, श्वास घेता येतो, मग शांतपणे काय अडलंय ते बघायचं आणि उशी परत ठेवायची. हे परत ठेवणंच खरं महत्त्वाचं. मागच्या महिन्यात अशीच वेळ आली होती तेव्हा तिने उशी काढली. परत ठेवायला जागाच उरली नाही. मोठी डिस्क मागून मागून तिच्या नाकी नऊ आले होते. रुग्णालय चालवणाऱ्या साहेबांनी त्याऐवजी दालनात मोठा पडदा लावला, त्यावर डॉक्टरांचे हसरे चेहरे फिरत असत.

एरवी लॉग दुसऱ्या यंत्रावर आपोआप उतरत आणि मग इथून पुसले जात. आज पहाटेपासून ते दुसरं यंत्रही अडून बसलं होतं. म्हणजे पहाटेपासूनचे लॉग फक्त याच डिस्कवर होते आणि त्यांची प्रत जगात दुसरीकडे कुठेही नव्हती.

तिने साहेबांना फोन लावला. "साहेब, तासभर सगळं थांबवावं लागेल. लॉग हाताने दुसरीकडे हलवते, मग चालू करते."

"ताई, बाहेर येऊन बघा जरा! नोंदणीची रांग दारापर्यंत गेलीय. आज थांबवाल तर लोक मला फाडून खातील."

"मग पहाटेपासूनचे लॉग पुसावे लागतील. आणि पुसले तर लगेच पूर्ण नवी प्रत घ्यायला हवी, नाहीतर आपण उघडे पडतो."

"प्रत घेताना सिस्टीम मंद होते ना? मग गर्दी ओसरल्यावर घ्या. एका दुपारीत काय आभाळ कोसळतंय?"

नाही म्हणता आलं असतं. याआधी ती म्हणालीही होती, आणि साहेबांनी नाक मुरडलं तरी ऐकलं होतं. पण आज तिचं चित्त वरच्या मजल्यावर होतं. कधी एकदा हे आटपतं आणि बाबांजवळ जाऊन बसते असं तिला झालं होतं. तिने पहाटेपासूनचे लॉग निवडले. खात्री आहे का, असं यंत्राने विचारलं. आहे, असं तिने सांगितलं. डिस्क मोकळी झाली, वरच्या रांगा हलत राहिल्या, आणि कोणाला काही कळलंही नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती वॉर्डात गेली. बाबा डोळे मिटून पडले होते, पण पोरीची चाहूल लागताच त्यांनी एक डोळा उघडला.

"झाली का जागा?" त्यांनी विचारलं. ही त्यांची जुनी थट्टा. नोकरी लागली तेव्हा, नेमकं काय करतेस गं, असं त्यांनी विचारलं होतं. डिस्कवर जागा करते, असं तिने सांगितल्यावर ते पोट धरधरून हसले होते. म्हणजे कंडक्टरच की! पुढे सरका, जागा करा! बापाचाच धंदा चालवतेस.

"झाली बाबा. सगळ्यांना पुढे सरकवलं."

"आणि उतरवलं कोणाला?"

"कोणाला नाही. तुम्ही बोलू नका, धाप लागते."

त्यांनी तिचा हात आपल्या तापलेल्या हातात धरून ठेवला. लहानपणी हाच हात धरून ती त्यांच्या बसमध्ये चढायची. नवी प्रत घ्यायला खाली जायला हवं, हे तिच्या डोक्यात होतं, पण हात सोडवेना. आणखी थोडा वेळ बसू, गर्दी तर ओसरू दे, असं म्हणत ती बसून राहिली.

ती खाली पोचली आणि आगीतून फुफाट्यात पडली. मुख्य डिस्कांच्या संचातली एक डिस्क गेले काही दिवस आजारी होती, नवीन यायची होती. तिचा भार वाहून दमलेली दुसरी डिस्क आत्ता तिच्या मागोमाग गेली आणि संच बसला. सगळ्या मजल्यांवरचे पडदे एकदम पांढरे पडले.

आता तासभराचा प्रश्नच उरला नव्हता. राखीव डिस्कांवर तिने रात्रीची प्रत चढवली. पुढे लॉग चढवायला गेली तर ते पहाटेपाशी अडले. पुढचे लॉग होते, अगदी शेवटच्या क्षणापर्यंतचे धडधाकट होते, पण मधले तिनेच पुसले होते. पाचावर धारण बसली तरी तिचे हात चालत राहिले. पहाटेपासून रुग्णालयात जे काही भरलं गेलं होतं ते सगळं नाहीसं झालं होतं. साहेबांनी सगळ्या वॉर्डांना फर्मान काढलं की आज दाखल झालेल्यांची माहिती पुन्हा भरा, आणि लवकर भरा.

आईचा फोन दोनदा आला. दोन्ही वेळा तिने कापला.

सगळं चालू झाल्यावर तिची एक सवय होती. ओळखीचं एखादं नाव शोधायचं, ते नीट दिसलं की मगच खुर्चीला पाठ टेकायची. तिने बाबांचं नाव टाकलं. आलं. नाव बरोबर, वय बरोबर, वॉर्ड आणि खाट बरोबर. दुपारपाळीच्या सिस्टरने इमानेइतबारे पुन्हा भरलं होतं. मिळाले बाबा, असं ती पुटपुटलीसुद्धा आणि तिने पाठ टेकली.

मग तिला दिसलं की नावाशेजारी लाल पट्टी नाही.

ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही' होतं. तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे, म्हणून दुपारच्या सिस्टरने 'नाही' निवडलं होतं. घाईत तिने विचारलं नव्हतं आणि तिला बिचारीला कोणी सांगितलंही नव्हतं. सांगितलं होतं ते सकाळच्या सिस्टरला, आणि ती पाळी संपवून घरी गेली होती. त्याच्याच खाली डॉक्टरांची ताजी नोंद होती, इंजेक्शनची. औषध पेनिसिलिनच्याच जातीचं होतं.

वॉर्डाचा फोन लागेना. लिफ्ट वर अडकलेली. ती जिन्याने धावली, स्वेटर घामाने अंगाला चिकटला, आणि प्रत्येक वळणावर ती मोठ्याने म्हणत होती, "देऊ नका, देऊ नका!" वाटेतले लोक बाजूला होत होते.

खाटेभोवती पडदा ओढलेला होता. आत माणसंच माणसं. कोणीतरी छाती दाबत होतं, कोणीतरी औषधांची नावं ओरडत होतं. बाबांचा चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजला होता. तिने आत शिरून पेनिसिलिन, पेनिसिलिन, असा घोष लावला तेव्हा एका डॉक्टरने नुसतं तिच्याकडे पाहिलं. त्यांना ते आता कळलंच होतं. पुष्कळ वेळ त्यांनी हार मानली नाही, आणि मग मानली.

आई नंतर आली, औषधांची पिशवी घेऊन. "खालच्या दुकानाच्या रांगेत होते गं," ती म्हणाली. "कॉम्प्युटर बंद, रांग हलेचना. तुला फोन केले. म्हटलं इंजेक्शन द्यायचं म्हणतायत, चिठ्ठी दाखवू का एकदा? मग म्हटलं नको, तू रागावशील." एवढं बोलून तिने पडद्याआड पाहिलं आणि ती खालीच बसली.

संध्याकाळी साहेबांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. सकाळच्या सिस्टरला घरून आणलं होतं. गणवेशाशिवाय ती अगदी पोरसवदा दिसत होती आणि रडून तिचे डोळे लाल झाले होते.

"नोंदीत तर काहीच दिसत नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे सिस्टरने भरलंच नाही. चौकशी होईल, कारवाई होईल." हे बोलताना ते तळघरताईकडे बघत होते. गप्प राहा, म्हणजे दोघेही वाचू, असं ते बघणं होतं.

"मी भरलं होतं हो ताई!" सिस्टर म्हणाली. "तुम्हाला दाखवलंही होतं. लाल पट्टी. आठवतंय ना?"

"खोटारडी!" आई उसळली. "माझ्या लेकीने माझ्यासमोर सांगितलं तुला. भरलं असतंस तर गेलं कुठे? मी सोडणार नाही तुला. माझा माणूस मारलास तू."

लेक खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. गप्प राहिली असती तर कोणालाही कधीच कळलं नसतं. तिच्याइतकं पक्कं ते दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं?

"तिने भरलं होतं, आई," ती म्हणाली. "मी पाहिलं. नंतर मी ते पुसलं."

"तू कशाला पुसशील?"

"जागा नव्हती."

आई तिच्याकडे बघत राहिली. तिला अर्थ लागला नाही, आणि मग हळूहळू लागला. साहेब काहीतरी बोलू लागले होते, ते दोघींनीही ऐकलं नाही. आईने मांडीवरची पिशवी उघडली, तळाशी हात घालून ती चिकटपट्टी लावलेली चिठ्ठी बाहेर काढली आणि लेकीच्या हातात ठेवली.