पुळणीवरचं चाक

हरेश्वर सुताराने टायरवर हातोडी ठोकली आणि कान लावला. आवाज आलाच नाही. म्हणजे आला, पण भिजल्या पोत्यावर मूठ मारावी तसा. त्याला आवाज म्हणणं जिवावर यावं. हरेश्वरने नुरुद्दीन शेटकडे पाहिलं, शेटने ड्रायव्हर रशीदकडे पाहिलं आणि रशीदने आभाळाकडे.

"आदी वारा भर त्यात," हरेश्वर म्हणाला. "उपाशी बैल तपासून काय कळनार?"

रशीद पंप मारायला लागला.

श्रीवर्धनपासून हरिहरेश्वरापर्यंत हरेश्वरचा हात लागला नाही असं बैलगाडीचं चाक सापडणं कठीण. लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी बसते तिला धाव म्हणतात. ती शेणींच्या आगीत लालबुंद करायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं, की लोखंड आवळतं आणि चाक जन्माचं बांधलं जातं. हे काम तो चाळीस वर्षं करत होता. जुनं चाक कोणी दाखवायला आणलं तर तो धावेवर एक ठोका मारी, कान लावी आणि सांगून टाकी, "पावसाळा काढील," किंवा, "दिवाळीपर्यंत." त्यात बदल होत नसे. गाडी विकणारा आणि घेणारा दोघेही त्यालाच बोलावत आणि दोघेही त्याचं ऐकत. गावात एवढा मान मामलेदारालाही नव्हता, कारण मामलेदाराची बदली होत असे.

नुरुद्दीन शेटने त्या साली मोटार घेतली होती. बोटीने श्रीवर्धनला उतरणाऱ्या यात्रेकरूंना हरिहरेश्वराला पोचवायचं, असा त्याचा बेत होता. बैलगाडीला त्या वाटेला अर्धा दिवस लागे. मोटार जुनी, तिचे टायर तर इतके झिजलेले की आतले दोरे दिसत. मुंबईच्या दुकानदाराने नमुन्याला तीन टायर दिले होते आणि जो पसंत पडेल त्याचे चार पाठवतो म्हणून सांगितलं होतं. शेटला आफ्रिकेतल्या लवंगांची पारख होती, रबराची नव्हती. गोल वस्तूतलं कळणारा माणूस गावात एकच होता.

पहिला टायर भरला. रशीदने तो मोटारीला चढवला आणि जॅक सोडला. गाडी खाली बसली, टायर किंचित फुगला आणि तसाच राहिला. हरेश्वर उकिडवा बसून बघत होता.

"आत काय हाय?"

"वारा," रशीद म्हणाला.

"लाकूड? पट्टी?"

"काय नाय, चाचा. नुसता वारा."

शेट, रशीद आणि कुतूहलाने जमलेले आणखी तिघे गाडीत चढून बसले. हरेश्वरने हात टायरवर ठेवला आणि किती तरी वेळ काढला नाही. त्याच्या अंगावर काटा आला होता. लोखंडाला लाल करून लाकडाभोवती आवळता आवळता त्याचे केस पिकले, आणि इथे कोणा माणसाने वारा आवळून त्यावर पाच जणांसकट गाडी उभी केली होती. झाडं मोडणारा, गलबतं उलटवणारा तो वारा, आणि तो गुमान बसला होता. हरेश्वरने चाकाचे लाकडी आरे मोजले. बारा. मग मात्र त्याला बरं वाटलं. चाक परदेशातलं असलं तरी त्याच्याच गोतातलं होतं.

तिन्ही टायर त्याने ठोकून पाहिले. एक अरुंद आणि टणक. त्यात वारा ठासून भरला तेव्हा तो टण् वाजला. दुसऱ्याला खोल खाचा होत्या, पण अंगाने हलका होता. तिसरा जाड, पोट सुटलेला. बोट दाबलं तर आत जाई. तिसऱ्याला तर हरेश्वर हसलाच. त्याने अरुंद टायरवर हात ठेवला.

"ह्यो घ्या, शेट. ह्यो वाजतो."

आणि तिथेच त्याचं चुकलं. वाजेल ते चांगलं, हा लोखंडाचा कायदा त्याने रबराला लावला.

पौष संपता संपता चार अरुंद टायर बोटीने आले. हरिहरेश्वरच्या वाटेवर दीड मैलाची पुळण होती. तिथे रस्ता नव्हताच. ओहोटीला वाळूवरूनच जायचं आणि भरतीच्या आत पलीकडे व्हायचं. पहिल्याच फेरीला शेटने आपल्या आईला, गुलबानूबीला, हौसेने पुढे बसवलं. पुळणीच्या मध्यावर मोटारीची मागची चाकं फिरली, फिरतच राहिली आणि आखापर्यंत वाळूत गेली. भरती लागली. शेवटी गाडीवानांचा पुढारी काळूराम याने सहा बैल लावून मोटार ओढून काढली, आणि म्हाताऱ्या गुलबानूबीला चौघांनी कमरेएवढ्या पाण्यातून खांद्यावर आणलं. त्यांची एक चप्पल समुद्राला गेली होती आणि दुसरी त्यांनी हातात घट्ट धरली होती.

सगळा गाव एकच बोलला: सुताराने शेटला मुद्दाम बुडवलं. मोटार चालली तर गाड्या बसणार, गाड्या बसल्या तर धावा कोण चढवणार? हातच्या काकणाला आरसा कशाला. शेटने भर बाजारात त्याला थांबवलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच झोंबलं.

"हरेश्वर, तुज्यावर मी यकीन केला. गाडीचा काय नाय. अम्मीला पान्यातून खांद्यावर आनावा लागला, ह्याचा मला लागलाय." शिवरात्रीला मोटार चालली नाही तर ती बोटीत चढवून मुंबईला विकायला धाडणार, एवढं सांगून तो निघून गेला.

त्याच संध्याकाळी काळूराम नारळ घेऊन हरेश्वरच्या पडवीत आला. सुंठीवाचून खोकला गेला, म्हणाला. शिवरात्रीच्या यात्रेसाठी अकरा गाड्यांच्या नव्या धावा हरेश्वरकडूनच करून घ्यायचं गाडीवानांनी ठरवलं होतं. "दादा, तुजी अक्कल म्हंजे अक्कल," असं म्हणून त्याने डोळा मारला. हरेश्वरने परोपरीने सांगितलं की लबाडी नव्हती, चूक होती. काळूराम तोंडभर हसला आणि म्हणाला की बरोबर, असंच सांगत राहायचं.

हरेश्वरला जेवण गेलं नाही. शेटने लबाड म्हटलं ते एक वेळ सोसलं असतं. पण लबाड समजून आपल्या माणसांनी पाठ थोपटावी, याचा त्याला मनापासून राग आला. चाळीस वर्षं ज्या शब्दावर लोकांनी गाड्या घेतल्या तो शब्द एका नारळात गेला होता.

दुसऱ्या दिवशी ओहोटी बघून तो पुळणीवर गेला. मोटार रुतली होती तिथे अजून खड्डे होते. तो त्यात हात घालून तळ शोधू लागला. कोपरापर्यंत हात गेला, तरी वाळूच. चिखलात बैलगाडीची बारीक धाव कापत खाली जाते आणि कठीण भुई गाठते. इथे गाठायला भुईच नव्हती. तेवढ्यात केसर कोळीण डोक्यावर मासळीची भरली पाटी घेऊन त्याच भुसभुशीत पट्ट्यावरून आली. हरेश्वरच्या वहाणांची टाच दोन बोटं आत जात होती. केसरचा पाय, डोक्यावर एवढं वजन असून, नुसता उमटत होता. त्याने तिला थांबवलं आणि तिचा पाय बघू लागला. चाळीस वर्षं वाळू तुडवून तो पसरट, मऊ झाला होता.

"काय बगतंस, दादा? काटा मोडलाय का माजे पायात?"

"तू रुतत कशी न्हाईस?"

केसरला हा प्रश्न कोणी आजवर विचारला नव्हता. तिने पाटी सावरत थोडा विचार केला. "वालूला टोचलं का ती गिलतं," ती म्हणाली. "तिला टोचाचा न्हाय. तिच्यावर पाय पसराचा आन निघाचा."

ती गेली तरी हरेश्वर तिथेच उभा राहिला. पोट सुटलेला तो तिसरा टायर त्याला आठवला, बोट दाबलं की आत जाणारा. गाडीचं चाक बैल ओढतात, ते रुतलं तरी मागून येतं. मोटारीचं चाक मात्र स्वतःच ओढतं. ते टणक असेल तर फिरून फिरून आपलीच कबर खणतं. किती साधं होतं! आणि ते जाणणारे दीड मैलाच्या त्या पुळणीवर तो आणि केसर एवढेच होते. त्यातही केसर मासळी विकायला निघून गेली होती.

तो गप्प राहिला असता तर मोटार मुंबईला गेली असती.

नलूने, त्याच्या बायकोने, त्याला जुना आख आणि चाकाच्या मध्यात बसणारे दोन तुंबे बाहेर काढताना पाहिलं तेव्हाच ओळखलं. शेटकडचे नमुन्याचे टायर रशीदने दिले होते, शेटला न विचारता. नलू दारात उभी राहिली.

"अवो, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताव. उद्या चूल कशावर पेटनार?"

"नलू, एकदा चाकाबद्दल खोटा पडलो," तो म्हणाला, "तर परत कुटल्याच चाकाला मला कान लावता येनार न्हाय."

ती आत गेली. हरेश्वरला वाटलं, रागावली. थोड्या वेळाने ती चार रिकामी पोती घेऊन आली आणि वाळू भरायला बसली.

दोन दिवस खपून त्याने एक ढकलगाडी केली. डाव्या बाजूला अरुंद टायर, उजव्या बाजूला जाडा. तिसऱ्या दिवशी ओहोटीला ती पुळणीवर नेली. रशीदने शेटला आणलं, आणि वास लागावा तसे गाडीवानही आले. हरेश्वरने दोन्ही बाजूंना सारखी पोती ठेवली आणि रशीदला जाड्या टायरमधला निम्मा वारा सोडायला सांगितलं. टायर खाली पसरला, केसरच्या पायासारखा.

"बगा, शेट," एवढंच म्हणून त्याने गाडी ढकलली.

दहा पावलांत गाडी डावीकडे कलली. वीस पावलांत अरुंद टायर आऱ्यांपर्यंत गेला. उजवा नुसता वर बसून होता. हरेश्वरने पोती उजव्या बाजूला घेतली. तरी तो तसाच. शेट खाली वाकला, वाळूवर गुडघे टेकून त्याने त्या टायरच्या खालची वाळू चाचपली. मग गुडघे न झटकताच उठला आणि हरेश्वरचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

मागून काळूराम बोलला, शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. सुताराला आमी काय येगळं सांगायचं?"

हरेश्वरने मान खाली घातली. म्हण खरी होती. गाडीवान निघून गेले. अकरा गाड्यांच्या धावांचं काम त्यानंतर कोणी आणलं नाही.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी चार जाडे टायर बोटीतून उतरले. दुकानदाराने मापं बघूनच पाठवले होते. जुन्याच चाकांवर बसले. सकाळी ओहोटी लागली तेव्हा मोटार पुळणीच्या तोंडाशी उभी होती. पुढे गुलबानूबी, पायात नव्या चपला. मागे चार यात्रेकरू, हात जोडलेले. रशीद टायरमधला वारा सोडत होता आणि तो सुस्कारा ऐकून यात्रेकरू आणखीच घाबरत होते. शेटने दार उघडून हरेश्वरला आपल्या शेजारी बसायला बोलावलं.

"नको, शेट. आत बसलो तर चाकोरी कशी दिसंल?"

मोटार निघाली. भुसभुशीत पट्ट्यावर आली, आणि हरेश्वरने श्वास धरला. ती थांबली नाही. वाळूला न दुखवता, समुद्राच्या कडेकडेने ती जाऊ लागली, लहान होत गेली, आणि यात्रेकरूंनी केलेला "हर हर महादेव" वाऱ्यावर मागे आला. हरेश्वरने नकळत हात जोडले. ते महादेवाला की चाकाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. डोळे मात्र भरून आले होते.

तो चाकोरीजवळ गेला आणि वाकून बोट लावलं. अर्ध्या पेराएवढीही खोल नव्हती. चटईसारखी बारीक नक्षी, सरळ दूरवर गेलेली. एक लाट आली आणि नक्षी पुसली. पुन्हा कोरी वाळू. शेजारी बैलगाड्यांच्या जुन्या चाकोऱ्या होत्या, वीतभर खोल. लाट गेली तरी त्यांत पाणी साठून राहिलं होतं.

पाठीमागे एक धाव खुळखुळली. न बघताही हरेश्वरला कळलं की उजवं चाक आहे आणि गाडी काळूरामची आहे. परीक्षेच्या दिवसापासून काळूराम त्याच्याशी बोलला नव्हता. आता त्याने बैल थांबवले. गाडीत एकच म्हातारं जोडपं होतं. काळूरामने पुसल्या गेलेल्या वाळूकडे पाहिलं, मग दूर मोटार दिसेनाशी झाली होती तिकडे.

"दादा," तो म्हणाला, "खरं सांग. किती दिस काढील ही?"

हरेश्वर गाडीच्या उजव्या चाकाशी खाली बसला. हातोडी नव्हती, म्हणून बोटाच्या पेरांनी धावेवर ठोकलं. नेहमीसारखा कान लावला, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लावून ठेवला.

"धाव ढिली हाय, ती बसवून दीन. चाक धा वरसं काढील." मग तो उठला. "गाडीचं मला सांगता येनार न्हाय."

काळूरामने मान हलवली आणि कासरा सैल सोडला. बैल चालू लागले. हरेश्वरही निघाला, गाडीच्या उजव्या अंगाने, धावेचा आवाज ऐकत.