खुर्चीसमोरचं टक्कल

तीन कोंबड्यांपासून एका हिरवळीचं रक्षण करण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. मला कोणी नेमलं नव्हतं. माझी पात्रता एवढीच, की मी ग्रंथालयात नोकरी करते आणि कोंबडी या विषयावर आमच्याकडे अडीच फळ्या पुस्तकं आहेत.

बाबा गेले आणि मी आईला सोबत म्हणून घरी राहायला आले. कोण कोणाला सोबत करत होतं हे मी विचारलं नाही, तिनेही नाही. ती स्वयंपाकघरात, मी मागच्या अंगणात, मध्ये एक खिडकी, अशी आमची सोबत चालली होती.

मागचं अंगण म्हणजे बाबांची हिरवळ. बाबांचं सलून होतं. दिवसभर लोकांची डोकी भादरून आलेला हा माणूस संध्याकाळी उकिडवा बसून जुन्या कात्रीने गवताच्या कडा कापायचा. "कल्ले सरळ नसले तर अख्खा माणूस वाकडा दिसतो," असं ते माणसांबद्दलही म्हणायचे आणि गवताबद्दलही. काम झालं की हिरवळीवर ठेवलेल्या खुर्चीत बसायचे. ती सलूनमधलीच होती. नव्या खुर्च्या आल्या तेव्हा जुन्यांतली एक त्यांनी घरी आणली: लोखंडी बुडाची, गोल फिरणारी, मान टेकायला उशी, समोर पाय ठेवायला फळी. हिरवळीवर ती अशी दिसायची, की आता कोणीतरी येऊन ढगांची हजामत करणार.

हिरवळ बाबांची आणि कोंबड्या आईच्या. दोघांमध्ये तह होता: कोंबड्या कोपऱ्यातल्या जाळीच्या आत, हिरवळ जाळीच्या बाहेर. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगायचे, "गवतावर एक जरी दिसली ना, तर या घरात ती तरी राहील नाहीतर मी."

बाबा गेल्यावर आई रोज दुपारी जाळीचं दार उघडायला लागली.

"आई, बाहेर आल्यात."

"फिरू दे."

"बाबांच्या लॉनवर?"

"धडका मारतात गं दाराला. फिरू दे जरा."

मी याचा अर्थ असा लावला, की दुःखाने आईचं कशातच लक्ष उरलेलं नाही. मी वाचन भरपूर केलेलं असल्यामुळे मला अर्थ चटकन लागतात.

पुस्तकं मात्र कोंबड्यांच्या बाजूची निघाली. कोंबड्या गवताची मुळं खाणारी हुमणी वेचतात, सुकलेल्या काड्या उकरून माती मोकळी करतात, आणि त्यांची शीट म्हणजे फुकटचं खत. कोंबड्या थोड्या, जागा मोठी आणि रोज नवा कोपरा असेल, तर गवताचं भलंच होतं म्हणे. आमच्याकडे कोंबड्या थोड्या होत्या. बाकी दोन अटींचं विचारू नका. आठवड्याभरात कडांचे कल्ले गेले. जिथे ताजी शीट पडली तिथे गवत करपून पिवळं झालं आणि त्याच्या भोवती गडद हिरवे झुबके उठले. बाबांनी हे डोकं पाहिलं असतं तर विचारलं असतं, "कुठे कापून घेतलंत?"

पण खरं सांगायचं तर कडांचं मला काही वाटत नव्हतं. मला राखायचं होतं ते टक्कल.

खुर्चीसमोर, फळीच्या खाली, जमिनीवर दोन उघडे लांबट गोल होते, शेजारी शेजारी. तिथे गवत अजिबात नव्हतं, माती पिठासारखी मऊ झालेली. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी तिथेच खाली बसले. इतकी वर्षं रोज संध्याकाळी बाबांचे पाय तिथे टेकले होते. त्यांचे कपडे दादाने वाटून टाकले, कात्र्या सलूनमधल्या कारागिराने नेल्या, चष्मा कुठे गेला कोणाला आठवत नाही. पण हे दोन पाय जागच्या जागी होते. हे मी कोणाला सांगितलं नाही. पस्तिशी ओलांडलेल्या बाईने मातीच्या दोन खड्ड्यांवर पहारा देणं बरं दिसत नाही. लॉनची काळजी घेणं जरा बरं दिसतं.

आणि कोंबड्यांना अंगणभर जागा असताना नेमकी तीच हवी होती. कोंबडीला मातीत लोळून अंघोळ करायची असते, त्याने पिसांतल्या उवा जातात. त्यासाठी उघडी, भुसभुशीत जमीन लागते. हेडबाई नावाची थोरली कोंबडी डाव्या पायात बसायची, पंखांनी धूळ अंगावर उडवून घ्यायची आणि डोळे मिटायची. उजव्या पायात ओव्हरटाइम. ती सुट्टी न घेता अंडी द्यायची, म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं होतं. तिसरी, चौकशी, नंबर लागायची वाट पाहत उभी राहायची.

मी काठ्या रोवून दोरी बांधली. हेडबाई दोरीखालून गेली. मी कपडे वाळत घालायचं स्टँड त्यावर आडवं ठेवलं. हेडबाईला सावलीची सोय झाली. मग मी छत्री घेऊन खुर्चीत बसले आणि कोंबडी आली की छत्री फटकन उघडायला लागले. पहिल्यांदा तिघी पळाल्या. दुसऱ्यांदा चौकशी पळाली. नंतर त्या छत्री उघडायची वाट बघत उभ्या राहायच्या, बहुधा करमणूक म्हणून. खिडकीतून आई बघत होती. पोळपाटावरचा लाटण्याचा आवाज थांबला होता.

रविवारी दादा आला. दादा चांगला माणूस आहे, त्याच्याकडे प्रत्येक दुःखावर दुकानात मिळणारा उपाय असतो. या वेळी गवताच्या बियांची पिशवी होती.

"सगळी टकलं भरून काढू," तो म्हणाला. "पहिलं हे, खुर्चीपुढचं. सगळ्यात मोठं."

"तिथे नको."

"का?"

"तिथे नको म्हटलं ना!"

"अगं ए शहाणे, लॉन वाचवायचंय ना तुला?"

"हो."

"मग जिथे गवत नाही तिथे बी नको टाकू, आणि जिथे आहे तिथे टाकू?"

"दादा, तू कडेने टाक."

त्याने आईकडे पाहिलं. आईने खांदे उडवले. त्याने कडेने बी टाकलं, वर जुनी चादर अंथरली, विटा ठेवल्या. तो चहा प्यायला आत गेला तेवढ्यात तिघींनी एक कोपरा उचकटून बियांवर ताव मारला. इतका महागडा नाश्ता त्यांना जन्मात मिळाला नसेल.

"या ठेवायच्या असतील तर लॉन विसरा," दादा गाडी सुरू करता करता म्हणाला.

तोच धागा पकडून मी संध्याकाळी आईसमोर बसले. भाषण तयार होतं. बाबांच्या कष्टांचा उल्लेख होता, त्यांचाच शब्द होता, शेवटी एक थांबा होता, जिथे आवाज थोडा कापायला हवा होता. पहिलं वाक्य झालं आणि आई म्हणाली, "तुला द्यायच्यात का? दे."

"म्हणजे, तुला चालेल?"

"तुला त्रास होतो ना. दे."

इतक्या सहज जिंकायची मला सवय नाही. मागच्या गल्लीतल्या वेल्डरकाकांकडे कोंबड्या आधीपासून होत्या, त्यांनी या तिघी आनंदाने नेल्या. आई बाहेर आली नाही. आत ती भांडी घासत होती, घासलेलीच.

आता माझे दोन पाय सुरक्षित होते. मी रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ बसायचे. अंगण इतकं शांत झालं, की पान उलटल्याचा आवाजही जरा जास्तच वाटायचा. आणि आई खिडकीत दिसेनाशी झाली. दुपारी ती पलंगावर पडायची, भिंतीकडे तोंड करून. जेवायला हाक मारली तर यायची, विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, ऊन आहे." तेव्हा ढग होते.

शेवटी मला वाटलं, माझ्याकडे आहे ते तिलाही द्यावं. बाबांचं जे उरलंय त्यावर माझ्याइतकाच तिचा हक्क. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं, खुर्चीसमोर उभं केलं आणि ते दोन गोल दाखवले.

"हे काय?" आई म्हणाली.

"बाबांचे पाय."

"कुठे?"

"हे. इथे टेकायचे ना रोज. म्हणून मी कोणाला येऊ देत नव्हते इथे. लॉनसाठी नाही गं. यासाठी."

आईने गोलांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या ओठांचं काहीतरी होत होतं. मला वाटलं आता रडणार, म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि ती हसायला लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडाशी धरून, अंग गदगदवून.

"अगं, त्या खुर्चीला फळी आहे," ती म्हणाली. "पाय ठेवायला. त्यांचे पाय जमिनीला लागायचे कुठे?"

मी फळीकडे पाहिलं. फळी होती. लहानपणापासून मी त्या फळीवर चढून खुर्चीत बसत आलेय.

"मग हे कोणी केलं?"

"कोंबड्यांनी. दुसरं कोण करणार?"

"कोंबड्या तर जाळीत असायच्या."

"दुपारी सलून बंद करून जेवायला यायचे ना? मी पडले की हळूच दार उघडायचे. मग महाराज खुर्चीत आणि या तिघी पायाशी मातीत लोळतायत. बोलायचे त्यांच्याशी. हेडबाई, आज एक गिऱ्हाईक असं आलं, तसं आलं."

"तुला माहीत होतं?"

"पलंगावरून खिडकीतून सगळं दिसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर सोडल्या असत्या का त्यांनी? तहाची भाषा त्यांचीच. गवत गेलं की खुर्ची थोडी सरकवायचे त्यावर. टक्कल झाकण्यात तर आयुष्य गेलेलं." ती पुन्हा हसली, मग हसता हसता तिने नाक पुसलं. "दुपार झाली की त्या धडका मारायच्या दाराला. त्यांना काय माहीत, माणूस नाही आता. म्हणून मी उघडायचे."

मी चपला घातल्या आणि एक रिकामा खोका उचलला. बोलण्यासारखं जे होतं ते सगळं माझं आधीच बोलून झालं होतं, छत्रीसकट.

वेल्डरकाकांनी ऐकून घेतलं आणि डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला. "लेक नांदायला लागली, आणि आता न्यायला आलात होय?"

"काका, चूक झाली."

"चूक कसली? लॉनचं काय?"

"मसणात गेलं लॉन."

"हं," काका म्हणाले. "आता बापाची मुलगी शोभलीस." त्यांनाही माहीत होतं. बहुधा मी सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं.

ओव्हरटाइम आणि चौकशी खोक्यात गेल्या. हेडबाई काकांच्या चामडी हातमोज्यांवर अंडं उबवायच्या थाटात बसली होती, ती खोक्यात शिरायला तयार होईना. तिला मी काखेत धरलं, खोका दुसऱ्या हातात, आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत काही झालं नाही. मग तिने धडपड सोडली आणि डोळे मिटले. कोंबडीची पापणी खालून वर मिटते, हे कुठल्याच पुस्तकात मी वाचलं नव्हतं. तिचं अंग गरम होतं आणि आत काहीतरी फार भरभर चाललं होतं. बाबा गेल्यापासून मी कोणाला इतका वेळ धरलं नव्हतं. दवाखान्यात नाही, घरी नाही, दादा रडला तेव्हाही मी त्याला पाण्याचा ग्लास दिला होता.

समोरून भाजीची पिशवी घेतलेली एक बाई येत होती. थांबली.

"काय झालं हो? चोच मारली का?"

"हो," मी म्हटलं. हात दोन्ही अडकलेले, त्यामुळे तोंड पुसायची सोय नव्हती.

"जोरात?"

"जोरात."

"सवय नसेल तर धरू नये," ती म्हणाली. "तुमची आहे?"

"आईची."

"मग आईला धरायला सांगायचं ना."

आई फाटकाशीच उभी होती. तिने माझं तोंड पाहिलं. हेडबाईला माझ्या काखेतून काढून आपल्या कुशीत घेतलं आणि मोकळ्या हाताने माझा दंड धरला. तशाच आम्ही घराला वळसा घालून मागे गेलो. दुपार व्हायला अजून वेळ होता. मी खोका जाळीकडे न्यायला लागले.

"तिकडे कशाला?" आई म्हणाली. "इथेच सोड. आता लपवायचं कुणापासून?"